एअर रायफलचा व्हॉल्व्ह: उच्च दाबाची हवा, रचना आणि सुरक्षितता

(पूर्वज्ञान: पदार्थबल आणि ऊष्मागतिकी या विषयांची दुसऱ्या वर्षापर्यंतची ओळख पुरेशी आहे.)

१० मीटर एअर रायफल स्पर्धेच्या निशाण्यावर मध्यभागी जो १० गुणांचा ठिपका असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले आणि २०१२ मध्ये लंडनला गगन नारंग यांनी याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. नेमबाजाची नजर, श्वास, मनाची स्थिरता यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. रायफलच्या पोटातला अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह दर वेळी तेवढीच हवा, तेवढ्याच वेळात, तेवढ्याच दाबाने सोडतो, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने बोलावे, कारण दाबपात्र, स्प्रिंग, आघात, प्रवाह, सील आणि फटीग हे सगळे विषय या एका भागात एकत्र भेटतात.

त्यामुळेच दर एक-दोन वर्षांनी शेवटच्या वर्षाचा एखादा गट माझ्याकडे येतो: "सर, पीसीपीचा व्हॉल्व्ह स्वतः बनवायचा आहे." पीसीपी म्हणजे आधीच दाबलेली हवा सिलिंडरमध्ये भरून ठेवणारी एअर रायफल. मी लगेच नाही म्हणत नाही. आधी कागदावर तीन आकडे काढून आणायला सांगतो. सिलिंडरमध्ये किती ऊर्जा साठली आहे? बंद टोकावर किती बल येते? ते टोक निसटले तर किती वेगाने जाईल? या पाठात आपण हेच आकडे काढू. त्याआधी व्हॉल्व्ह कसा चालतो ते पाहू.

व्हॉल्व्ह कसा उघडतो

पीसीपी रायफलमध्ये सिलिंडरची हवा व्हॉल्व्हच्या पोकळीपर्यंत आलेलीच असते. पोकळीत एक पॉपेट असतो, म्हणजे छत्रीसारखे डोके आणि मागे बारीक दांडा. डोके सीटवर टेकलेले असते. मागची स्प्रिंग आणि मुख्यतः हवेचा दाब त्याला तिथे दाबून धरतात. दांड्याचे टोक व्हॉल्व्हच्या बाहेर आलेले असते. ट्रिगर ओढला की स्प्रिंगने ढकललेला हॅमर त्या टोकावर आदळतो, पॉपेट क्षणभर सीटवरून उठतो, हवा ट्रान्सफर पोर्टमधून छर्र्यामागे जाते आणि दाब पॉपेटला पुन्हा बंद करतो. हे सगळे काही मिलिसेकंदांत होते.

मोटारीच्या इंजिनातला पॉपेट व्हॉल्व्ह तुम्ही पाहिला असेल. तिथे कॅम व्हॉल्व्हला हवा तेवढा वेळ उघडा धरतो. इथे धरणारे कोणी नाही. हॅमर एक टोला देतो आणि पुढे किती उघडायचे, कधी मिटायचे हे दाब ठरवतो.

समजा सीटचा व्यास ६ मिमी आहे. क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मिमी. दाब २०० बार, म्हणजे प्रति चौरस मिमी २० न्यूटन. पॉपेटवर बसणारे बल ५६५ न्यूटन. मध्यम बांध्याचा एक माणूस पॉपेटवर उभा आहे असे समजा, आणि हॅमरला त्या माणसाला उचलायचे आहे. ६० ग्रॅमचा हॅमर सेकंदाला ५ मीटर वेगाने येत असेल तर त्याची गतिज ऊर्जा ०.७५ जूल. सगळी ऊर्जा पॉपेट उचलण्यात खर्च झाली आणि बल कायम राहिले असे धरले तरी तो जेमतेम १.३ मिमी उठेल. पॉपेटच्या कडेने हवेला जाण्यासाठी मिळणारी वाट सीटच्या भोकाएवढी व्हायला व्यासाच्या चौथा भाग, म्हणजे १.५ मिमी उचल लागते. म्हणजे व्हॉल्व्ह पुरता उघडलाच नाही.

दाब ७० बार असता तर बल १९८ न्यूटन झाले असते आणि त्याच टोल्यात उचल ३.८ मिमीपर्यंत गेली असती. हिशेब ढोबळ आहे. पॉपेट उठल्यावर दोन्ही बाजूंचा दाब जवळ येऊ लागतो आणि बल झपाट्याने कमी होते. तरी दिशा स्पष्ट आहे. सिलिंडर पूर्ण भरलेला असताना व्हॉल्व्ह कमी वेळ उघडतो, दाब उतरत गेला की जास्त वेळ उघडतो. त्यामुळे दाबाच्या एका मधल्या पट्ट्यात छर्र्याचा वेग बराचसा सारखा राहतो. व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःला थोडाफार सावरतो, आणि या यंत्रणेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. याचीच दुसरी बाजू अशी की दाब फारच वाढला तर हॅमरचा टोला पुरत नाही आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. याला व्हॉल्व्ह लॉक म्हणतात. तो पुढे पुन्हा येईल.

अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी "बराचसा सारखा" वेग पुरत नाही. म्हणून स्पर्धेच्या रायफलमध्ये सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये रेग्युलेटर असतो. सिलिंडरचा दाब २०० असो की १००, व्हॉल्व्हपुढच्या छोट्या कोठीत तो एकच कमी दाब राखतो. ही कोठीही लक्षात ठेवा.

किती ऊर्जा साठली आहे

आता पहिला आकडा. २०० घन सेंटिमीटरचा सिलिंडर घ्या, पाण्याच्या छोट्या बाटलीएवढा. त्यात २०० बार दाबाने हवा भरली आहे. सिलिंडर फुटला तर प्रसरण इतके झटकन होते की उष्णता आत यायला वेळच मिळत नाही. म्हणून ते रुद्धोष्म धरायचे. दाब गुणिले घनफळ ४००० जूल होतात. त्याला विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तरातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या ०.४ ने भागले की १०,००० जूल. हवा वातावरणाच्या दाबापर्यंत थंड होत प्रसरण पावते, तेव्हा यातला सुमारे ७८ टक्के भाग कार्यरूपाने बाहेर पडतो. उत्तर साधारण ७८०० जूल.

८० किलोच्या माणसाला १० मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या उंचीपर्यंत उचलायला एवढीच ऊर्जा लागते. ती तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर, एका नळकांड्यात बसलेली असते.

याच्याशी छर्र्याची तुलना करा. स्पर्धेचा ४.५ मिमी छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने जातो. त्याची ऊर्जा ७ ते ८ जूल. म्हणजे भरलेल्या सिलिंडरमध्ये छर्र्याच्या सुमारे हजारपट ऊर्जा असते. एअर रायफल म्हटले की सगळे नळीच्या पुढच्या तोंडाला घाबरतात आणि ते योग्यच आहे. पण व्हॉल्व्ह बनवणाऱ्याने मागच्या बाजूला जास्त घाबरावे.

आता तोच सिलिंडर पाण्याने भरा आणि पाण्यावर २०० बार दाब द्या. पाणी जवळजवळ दबतच नाही. पाण्याचा आयतन स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २.२ गिगापास्कल धरला तर साठलेली ऊर्जा फक्त १८ जूल येते. दाब तोच, भांडे तेच, ऊर्जा चारशेपटींहून कमी. दाबपात्राची पहिली चाचणी नेहमी पाण्याने का घेतात याचे उत्तर या एका भागाकारात आहे. पाण्याखाली भांडे फुटले तर चिरते, फवारा उडतो, दाबमापकाचा काटा खाली येतो. हवेखाली फुटले तर त्याचे तुकडे होऊन उडतात.

भिंत टिकते, टोक निसटते

माझ्याकडे आलेल्या एका गटाने रेखाटन चांगले केले होते. व्हॉल्व्हची नळी ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची, आतला व्यास १६ मिमी, बाहेरचा २२. लामेच्या सूत्राने त्यांनी आतल्या पृष्ठभागावरचा हूप स्ट्रेस काढला होता: २०० बारला सुमारे ६५ मेगापास्कल. या मिश्रधातूचा यील्ड सुमारे २७६. सुरक्षितता गुणांक चारच्या वर. खाली दोन रेघा मारून "सेफ" लिहिले होते.

मी विचारले, मागचे बूच कशाने धरले आहे? तीन एम-४ स्क्रू, नळीच्या भिंतीतून आरपार, बुचात बसवलेले. त्याचा हिशेब? तो केला नव्हता.

चला, करू. बुचावरचे बल म्हणजे दाब गुणिले बुचाचे क्षेत्रफळ: २० गुणिले २०१ चौरस मिमी, सुमारे ४०२० न्यूटन. चारशे किलोहून जास्त वजन त्या बुचाला बाहेर ढकलते आहे. एम-४ स्क्रूचे आट्यांच्या मुळाशी क्षेत्रफळ ७.७५ चौरस मिमी. तिघांत बल समान वाटले गेले असे मानले तरी शिअर स्ट्रेस १७३ मेगापास्कल. ८.८ ग्रेडचा स्क्रू हे सोसेल. पण बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा, डोक्यावर काहीच न छापलेला स्क्रू ४.६ ग्रेडचा निघाला तर त्याचा शिअर यील्ड १४० च्या आसपास असतो. म्हणजे तो पहिल्याच भरणीत वाकायला लागेल. शिवाय हाताने मारलेली तीन भोके कधीच अगदी एका पातळीत नसतात. सुरुवातीला एकच स्क्रू सगळे बल घेतो आणि तो थोडा वाकल्यावर दुसऱ्याची पाळी येते. पहिल्या स्क्रूवर तेव्हा ५०० मेगापास्कलहून जास्त शिअर असतो. त्यात ८.८ ग्रेडसुद्धा पुरत नाही.

बूच निसटले तर? समजा ते ३० ग्रॅमचे आहे आणि नळीतून पूर्ण बाहेर पडेपर्यंत एक सेंटिमीटर सरकते. तेवढ्यात दाब फारसा उतरत नाही, कारण मागे सिलिंडरची सगळी हवा आहे. ४०२० न्यूटन गुणिले ०.०१ मीटर, म्हणजे ४० जूल. वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर, ताशी १८० किलोमीटर. छर्र्याच्या पाचपट ऊर्जा असलेला धातूचा गोळा, आणि तो निघतो मागच्या बाजूला, जिथे नेमबाजाचा चेहरा असतो.

गटातली एक मुलगी हा आकडा काढून झाल्यावर बराच वेळ वहीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "सर, आम्ही भिंतीचाच विचार करत होतो." बहुतेक जण तेच करतात, कारण पुस्तकातले सूत्र भिंतीचे असते. प्रत्यक्षात घरगुती दाबयंत्रांमध्ये भिंत क्वचित फुटते. आटे, स्क्रू, सर्कलिप, कडेला फार जवळ मारलेले भोक, अशी सांध्याची ठिकाणे आधी दगा देतात.

भिंतीच्या "सेफ" मध्येही एक फट होती. ट्रान्सफर पोर्टसाठी त्याच भिंतीला आडवे भोक पाडायचे होते. दाबाखालच्या नळीला भोक पडले की त्याच्या कडेला स्ट्रेस साधारण अडीचपट होतो. ६५ चे १६२ झाले. दीडपट दाबाच्या चाचणीत ते २४३ वर जातात, म्हणजे यील्डच्या अगदी शेजारी. त्यातून ॲल्युमिनियमला पोलादासारखी फटीगची निश्चित खालची मर्यादा नसते. रेग्युलेटरनंतरच्या कोठीला प्रत्येक नेमाला दाबाचे एक आवर्तन मिळते, सिलिंडरकडच्या भागाला प्रत्येक भरणीला. आज टिकले म्हणून हजाराव्या वेळी टिकेल असे नाही. भोकाची कड लेथवरून जशी निघाली तशी धारदार सोडली तर तडा तिथूनच सुरू होतो.

दाब किती धरायचा

सिलिंडर २०० बार, रेग्युलेटर ७० वर लावला आहे. मग व्हॉल्व्हची रचना ७० ला करायची की २०० ला? दर वर्षी निम्मा वर्ग ७० म्हणतो. उत्तर २०० आहे.

रेग्युलेटर म्हणजे एक पिस्टन, काही स्प्रिंग वॉशर आणि एक छोटी सीट. त्या सीटवर धुळीचा कण बसला किंवा ओरखडा पडला तर ती पूर्ण मिटत नाही आणि हवा हळूहळू पुढे झिरपत राहते. रात्रभरात पुढची कोठी २०० ला पोचते. ७० ला तयार केलेल्या व्हॉल्व्हवर तिप्पट बल येते. आणि आठवा, २०० ला हॅमरचा टोला कमी पडतो. म्हणजे सकाळी ट्रिगर ओढला तर "खट्" असा आवाज येतो आणि काही होत नाही. माणसाला वाटते, हवा संपली. तो पाना घेऊन व्हॉल्व्ह उघडायला बसतो. त्या क्षणी आत पूर्ण दाब असतो.

तशीच दुसरी फसवणूक दाबमापकाची. तो बहुधा सिलिंडरच्या बाजूला असतो. सिलिंडर काढला, काटा शून्यावर आला, पण रेग्युलेटर आणि पॉपेट यांच्यामधल्या कोठीत हवा अडकलेलीच राहू शकते. १० घन सेंटिमीटर कोठीत ७० बार असेल तर आधीच्याच सूत्राने १२० जूलच्या वर ऊर्जा येते, छर्र्याच्या पंधरापट. म्हणून खोलण्याआधी सिलिंडर वेगळा करायचा, रायफलमध्ये छर्रा नाही याची खात्री करायची आणि नळी सुरक्षित दिशेला धरून, एकही फुसका आवाज येत नाही इथपर्यंत कोरे नेम मारायचे. चांगल्या रचनेत हवा सोडण्याचा वेगळा स्क्रू दिलेला असतो. तुम्ही रचना करत असाल तर तो विसरू नका. बुचाच्या आट्यांमध्ये एक आडवी बारीक वाटही ठेवतात: बूच उघडताना ओ-रिंग त्या वाटेपाशी आली की आटे अजून पुष्कळ गुंतलेले असतानाच हवा फुसफुसत निघून जाते आणि माणसाला कळते की थांबायला हवे. एका छोट्या भोकाने जीव वाचतो.

तेल, ऑक्सिजन आणि पाणी

ओ-रिंगला लावायला वर्कशॉपमध्ये सर्वांत आधी हाताला लागते ते साधे ग्रीस किंवा मशीन ऑइल. २७ अंश सेल्सिअसची हवा १ बारवरून २०० बारपर्यंत एकदम दाबली गेली तर रुद्धोष्म हिशेबाने तापमान १००० अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षात भिंती उष्णता शोषतात आणि आकडा कमी येतो, तरी व्हॉल्व्ह झटक्याने उघडून भरणी केली तर बंद टोकाशी असलेला तेलाचा थेंब पेटायला तेवढे पुरते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. म्हणून भरणी सावकाश करायची आणि दाबाखालच्या सीलना फक्त सिलिकोन ग्रीस, तेही अगदी बेताने लावायचे.

याहून गंभीर गोष्ट. वर्कशॉपच्या कोपऱ्यात वेल्डिंगचा ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असतो, भरलेला असताना १५० बारच्या आसपास. हातपंपाने दीडशे बार भरताना दंड भरून येतात. तेव्हा कोणाला तरी कल्पना सुचते: तिथूनच भरू या. हे कधीही करायचे नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये उच्च दाबाखाली ग्रीस, रबर, प्लॅस्टिकची सीट, एवढेच नाही तर ॲल्युमिनियमसुद्धा जळते. त्यावर कोणता सुरक्षितता गुणांक लागू पडत नाही. भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा.

कोरडी का, तेही हिशेबाने पाहा. ३० अंशांच्या संपृक्त हवेत प्रति घनमीटर सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. २०० घन सेंटिमीटरचा सिलिंडर २०० बारला भरायला वातावरणातली ४० लिटर हवा लागते. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोचीत आर्द्रता ८० टक्के असताना त्या ४० लिटरमध्ये जवळजवळ एक ग्रॅम पाणी असते. दाबल्यावर मात्र २०० घन सेंटिमीटर जागेत सहा मिलिग्रॅमच बाष्परूपात राहू शकते. बाकीचे पाणी होऊन खाली बसते. पंपाला जलसापळा नसेल तर प्रत्येक भरणीला थेंबथेंब पाणी आत जाते आणि पोलादी सिलिंडर आतून खड्ड्याखड्ड्यांनी गंजतो. बाहेरून रंग चकाकत असतो.

तापमानाचा एक छोटा मुद्दा. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ६५ अंशांना गेला तर दाब २२७ बार होतो. म्हणून काठोकाठ भरून गाडीत ठेवू नये.

चाचणी

त्या गटाने बुचाची रचना बदलली. स्क्रूऐवजी लांब आटे घेतले, प्रमाणपत्रासह धातू मागवला आणि पोर्टच्या भोकाभोवती भिंत जाड ठेवली. मगच आम्ही पाण्याची चाचणी घेतली, ती ३०० बारला, म्हणजे कामाच्या दाबाच्या दीडपट.

इथे बहुतेकांची चूक होते ती पाणी भरताना. व्हॉल्व्ह बॉडी उभी धरून, ठोकत, आतला प्रत्येक बुडबुडा बाहेर काढावा लागतो. बुडबुडा राहिला तर ती पाण्याची चाचणी न राहता हवेची चाचणी होते, आणि तुम्ही जवळ उभे असता. हातपंपाने दाब चढवताना सुरुवातीलाच दांडा खूप वेळा मारावा लागला तर समजा, आत हवा आहे. थांबा, दाब सोडा, पुन्हा भरा. बॉडी जाड पोलादी पेटीत, सगळे जण पेटीच्या बाजूला, बुचाच्या रेषेत कोणी नाही. डोळ्यांवर चष्मे. दाब ५०-५० बारच्या टप्प्यांनी चढवायचा, प्रत्येक टप्प्याला थांबायचे.

चाचणीआधी आणि नंतर मायक्रोमीटरने बाहेरचा व्यास सहा ठिकाणी मोजला. दाब सोडल्यावर व्यास पूर्ववत झाला नाही तर धातू यील्ड झाला आहे आणि तो भाग भंगारात जातो, मग त्यावर किती दिवसांची मेहनत असो. आमच्या पहिल्या बॉडीचा पोर्टजवळचा व्यास दोन शतांश मिलिमीटर वाढलेला राहिला. मुलांचे म्हणणे पडले की मोजण्यातली चूक असेल. पुन्हा मोजले, तेच आले. ती बॉडी करवतीने दोन तुकडे करून टाकली, म्हणजे पुढच्या वर्षीचा कोणी कपाटातून काढून वापरणार नाही. दुसरी टिकली.

गळती शोधायला साबणाचे पाणी वापरायचे. बोट फिरवून शोधायची सवय कॉम्प्रेसरवर काम करणाऱ्यांना असते. या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते.

कायदा आणि प्रकल्पाची सीमा

आमचा प्रकल्प चाचणी मंचापुरता होता. नळी नाही, छर्रा नाही, ट्रिगर नाही. व्हॉल्व्ह, हॅमर, दाब संवेदक आणि हवा अडवणारी एक पेटी, एवढेच. व्हॉल्व्ह किती वेळ उघडतो, दाबाचा आलेख कसा उतरतो, हे मोजायला याहून जास्त काही लागत नाही. शस्त्र बनवणे हा वेगळा विषय आहे. तो शस्त्र अधिनियम १९५९ खाली येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार छर्र्याची ऊर्जा २० जूलच्या वर किंवा नळी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठी असेल तर एअर गनलाही परवाना लागतो. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये "थोडी पॉवर वाढवून बघू" म्हणणाऱ्याने ही रेघ कुठे आहे ते आधी जाणावे.

सिलिंडरसाठी गॅस सिलिंडर नियम २०१६ आहेत आणि ते नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, राबवते. त्या नियमांच्या व्याख्येत ५०० मिलिलिटरच्या वरचे भांडे येते. रायफलचा २०० मिलिलिटरचा सिलिंडर त्याखाली राहतो. काही विद्यार्थी यातून "मग तो घरी बनवला तरी चालेल" असा अर्थ काढतात. व्याख्येत बसला नाही म्हणून ७८०० जूल कमी होत नाहीत. सिलिंडर कधीही स्वतः बनवायचा नाही, त्याला भोक पाडायचे नाही, वेल्डिंग करायचे नाही, आटे पुन्हा कापायचे नाहीत. तो उत्पादकाकडून, दाब आणि तारीख कोरलेला घ्यायचा आणि मुदत संपली की बाद करायचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांमध्येही सिलिंडर मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकलेली आहे.

स्वाध्याय

१. ५०० घन सेंटिमीटरचा सिलिंडर ३०० बारला भरला आहे. रुद्धोष्म प्रसरण धरून साठलेली ऊर्जा काढा. (उत्तर सुमारे ३० किलोजूल.) हाच सिलिंडर पाण्याने भरला असता तर किती?

२. वरच्या उदाहरणातले बूच तीनऐवजी सहा एम-४ स्क्रूंनी धरले आहे. ३०० बारच्या चाचणीत प्रत्येक स्क्रूवरचा शिअर स्ट्रेस काढा. मग सहापैकी दोनच स्क्रू बल घेत आहेत असे धरून पुन्हा काढा. यांपैकी कोणता आकडा तुम्ही रचनेसाठी वापराल आणि का?

३. रेग्युलेटरनंतरच्या कोठीवर दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह बसवायचा आहे. काम ७० बारला चालते. तो किती दाबाला उघडावा, आणि तो बसवल्यावरही बॉडीची रचना २०० बारलाच का करावी, ते लिहा.